कुठल्या चाकाचा आवाज

३ तारीख, सोमवार

गाडीच्या दारांवर नाव रंगवणाऱ्याकडे आज जाऊन आले. म्हटलं, दोन्ही दारांवर मोठ्या अक्षरांत लिही, 'बायकांसाठी मोटार शिकवणी'. तो ब्रश पुसत म्हणाला, "परवानगी मिळाली का बाई?" मी म्हटलं, "मिळेल." तर म्हणतो, "मिळाली की या." जगातले सगळे शहाणे माझ्याच वाट्याला येतात.

परवानगीची तपासणी वीस तारखेला, गुरुवारी. वाहतूक कचेरीतला अधिकारी गाडी स्वतः चालवून बघतो, खाली वाकून चाकं हलवतो, आणि जरा काही खुट्ट वाजलं की कागद परत करतो म्हणे. नापास झाले तर पुढची तपासणी सहा महिन्यांनी. तोवर नावं दिलेल्या बाया माझी वाट बघत बसतील होय? चौकातल्या मोठ्या शाळेत जातील सरळ. मग मी आणि माझी गाडी, बसा एकमेकींकडे बघत.

इस्पितळाच्या टेलिफोनवर माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. "थांबा, जोडून देते" हे वाक्य मी झोपेतसुद्धा म्हणायचे. आता तिथे यंत्र बोलतं. मला निरोपाला एक घड्याळ मिळालं, तेही मागे पडणारं. घरी बसायचं नाही हे मी त्याच दिवशी ठरवलं. सासऱ्यांची, म्हणजे आप्पांची, जुनी गाडी दारात झाकून ठेवलेली होती. तिला माझ्या बाजूनेही ब्रेक आणि क्लच बसवून घेतले. शिकणारी बसणार उजवीकडे, स्टिअरिंगवर. मी डावीकडे, जादा ब्रेकवर पाय ठेवून.

सगळं झकास चाललं होतं. आणि आज शिकवताना कारखान्याच्या रस्त्याला वेग धरल्यावर एक आवाज सुरू झाला. घूंऽऽ. कोणी तोंड मिटून गुणगुणावं तसा. वेग वाढला की वाढतो, कमी झाला की विरतो. 'ह्यांना' सांगितलं. हे म्हणाले, "बघू." लग्नात सुद्धा अंतरपाट दूर झाल्यावर हा माणूस 'बघू' म्हणाला असता.

५ तारीख, बुधवार

आप्पांना विचारलं. चाळीस वर्षं गॅरेज चालवलं त्यांनी. गाडी गल्लीत वळायच्या आत तिचा आजार सांगायचे, अशी ख्याती. दोन वर्षांपूर्वी एक दिवस शटर ओढलं आणि म्हणाले, कंटाळा आला. तेव्हापासून ते, खुर्ची आणि टीव्ही. टीव्ही इतका मोठा की शेजाऱ्यांना स्वतःचा लावायची गरज पडत नाही.

मी म्हटलं, "आप्पा, गाडी गुणगुणतेय. जरा बसून बघता का?" माझ्याकडे बघून म्हणाले, "टायर असेल." बस. गाडीत बसणं नाही, चक्कर मारणं नाही. डॉक्टरने दारातूनच औषध फेकावं तसं. मी स्वयंपाकघरात जाऊन तिथून तीनदा चहाला हाक मारली, उत्तर नाही. का, तर सुनेने गाडीतलं काही विचारलं! एवढा ताठा चांगला नाही.

हे मात्र आप्पांशी बोलताना अगदी समोर जाऊन उभे राहतात, खांद्याला हात लावतात, मग बोलतात. साक्षीला उभं राहिल्यासारखे. बापाला घाबरायचं म्हणजे किती!

८ तारीख, शनिवार

टायर नाही! सिद्ध करून दाखवलं. ह्यांना सकाळीच कामाला लावलं आणि दोघांनी मिळून पुढचे टायर मागे, मागचे पुढे केले. ह्यांच्या बनियनचं पोतेरं झालं. आवाज जिथल्या तिथे.

मग दातांच्या डॉक्टरीणबाईंना घेऊन कारखान्याच्या रस्त्याला गेले. या माझ्या पहिल्या विद्यार्थिनी, अजून बिनपैशाच्या. दुसऱ्याची दाढ डोळ्याची पापणी न हलवता उपटतात, पण क्लच सोडताना देवाचा धावा करतात. मी त्यांना वेगात गियर काढून गाडी नुसती वाहू द्यायला सांगितली. इंजिन शांत झालं तरी घूंऽऽ चालूच. म्हणजे इंजिनाचा नाही, चाकाचाच. मग सांगितलं, जरा डावीकडे घ्या. आवाज वाढला. उजवीकडे घ्या. कमी झाला.

डावीकडे वाढतो, म्हणजे डावं चाक. उघड आहे. शिवाय मला ऐकू येतोच डावीकडून, माझ्या उघड्या खिडकीतून, थेट कानात. हे कान उगाच नाहीत. इस्पितळात मी नुसत्या श्वासावरून ओळखायचे की फोनवर कोण आहे आणि किती घाबरलंय.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मॅडम, माझ्या पायाखाली काहीतरी थरथरतंय."

मी म्हटलं, "तुमचेच पाय आहेत ते. भीती गेली की थांबतील."

घरी आल्यावर आप्पांना सुनावलं. मी कणीक मळत होते, पाठमोरी होते, म्हणून धीर झाला. म्हटलं, "टायर नव्हता बरं का. बाईमाणसाने सांगितलेलं पटत नसेल तर तसं सांगा." तर आप्पा काय म्हणाले? "नको. साखर मी घेतली मघाशी." माझ्या बोलण्याची ही किंमत! मी परात अशी आपटली की हे बाहेरून धावत आले. आप्पांनी मानसुद्धा वळवली नाही.

१२ तारीख, बुधवार

आज गाडी आप्पांच्या चेल्याकडे नेली. चेला म्हणजे त्यांच्या हाताखाली तयार झालेला; आता त्याचं स्वतःचं गॅरेज आहे, पोट आहे, दोन मुलं आहेत, पण नाव चेलाच. त्याने सांगितलं, असा आवाज म्हणजे हब झिजला. चाक ज्याच्यावर फिरतं तो लोखंडी गाभा, आत बारीक गोळ्या असतात. त्या खरवडल्या की गुणगुणतात, आणि दुर्लक्ष केलं तर चाक डुगडुगायला लागतं. पुढचं सांगायला त्याने हातानेच चाक निखळून पळाल्याची खूण केली.

"डावा हब," मी म्हटलं.

"वहिनी, एकदा चालवून बघतो."

"बघायचं काय त्यात? मी आठ-नऊ दिवस त्याच्या शेजारी बसतेय. माझ्या कानांवर भरवसा नाही का तुझा?"

बिचाऱ्याने पाना उचलला. उस्तादांच्या घरची सून, काय बोलणार. संध्याकाळपर्यंत डावा हब नवा बसला. जुना त्याने पिशवीत घालून डिकीत ठेवला. जाता जाता म्हणाला, "उस्तादांना एकदा दाखवलं असतं तर..." मी म्हटलं, उस्ताद खुर्चीतून उठत नाहीत. तो म्हणाला, "गॅरेजमध्येही शेवटी शेवटी गिऱ्हाइकाशी मलाच बोलायला लावायचे. स्वतः नुसता गाडीला हात लावून उभे." मी म्हटलं, ताठा, दुसरं काय!

अंधार पडला म्हणून चालवून बघितली नाही, हळूहळू घरी आणली. पण आवाज गेला असणार. आज मला झोप छान लागेल.

१३ तारीख, गुरुवार

गेला नाही.

कारखान्याच्या रस्त्याला वेग धरला आणि घूंऽऽ. तसाच. उलट जास्तच. मी गाडी भिंतीकडेला उभी केली आणि चक्क रडले. कोणी बघत नव्हतं हे एक बरं.

१५ तारीख, शनिवार

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

काल दिवसभर मी कोणाशी बोलले नाही. अर्ज मागे घ्यायचा, असं मनाशी जवळजवळ ठरवलं होतं. चेल्याला फोन केला तर तो बहिणीला आणायला परगावी, गॅरेज बंद, बुधवारशिवाय येत नाही. दुसऱ्या कोणाकडे जायचं तर कुठलं चाक म्हणून सांगू? माझ्या कानांवरून माझाच विश्वास उडाला होता.

सकाळी अंगणात गेले तर डिकी उघडी. आप्पा पायरीवर बसलेले आणि त्यांच्या हातात तो काढलेला जुना डावा हब. एका तळहातावर धरून दुसऱ्या हाताने हळू फिरवत होते. डोळे मिटलेले. मला बघून म्हणाले, "हा कोणी काढला?"

"मी. म्हणजे चेल्याने. मी सांगितलं म्हणून."

"ठणठणीत आहे गं हा. हात लाव."

लावला. लोण्यासारखा फिरत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आप्पांनी काही म्हणजे काही टोमणा मारला नाही. उठले, बाह्या सरसावल्या आणि म्हणाले, "जॅक आण. उजवी बाजू उचलू." दोन वर्षांत पहिल्यांदा त्या माणसाच्या चालण्यात मला घाई दिसली.

गाडी उचलली. आप्पांचा एक नियम आहे, लोखंडी टेकू लावल्याशिवाय हात आत जायचा नाही. तो त्यांनी स्वतः सरकवला, चार बोटं अंतर ठेवून. मागच्या चाकाला वीट लावायचं काम माझं. मी वीट शोधायला कुंपणापाशी गेले. आप्पा चाकाशेजारी गुडघ्यावर बसले, एक हात आत घालून चाकामागच्या स्प्रिंगवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवायला लागले.

मी वीट घेऊन वळले तर जॅक तिरका होत होता. डोळ्यांदेखत. मी ओरडले, "आप्पा, हात काढा! हात!"

माझा आवाज साधा नाही. वरच्या मजल्यावरची माणसं खिडकीत आली. कोपऱ्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. आप्पा हलले नाहीत. चाक फिरवतच राहिले, माझ्याकडे पाठ, मान जराशी खाली.

मी वीट टाकून धावले आणि त्यांना दोन्ही खांद्यांना धरून मागे ओढलं. आम्ही दोघं मातीत पडलो. जॅक सुटला, गाडी धप्पकन टेकूवर बसली. टेकू होता म्हणून.

आप्पांनी आधी गाडीकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे. मी म्हटलं, "किती ओरडले मी!"

ते माझ्या ओठांकडे बघत होते. डोळ्यांकडे नाही. ओठांकडे.

आणि मला सगळं एकदम कळलं. चहाच्या हाका, टीव्ही, साखर. पाठमोरी उभी राहून मी त्यांना काय काय बोलले होते! माझे कान, माझे कान म्हणून मिरवत होते आणि एका घरात राहून एवढं मला ऐकू आलं नव्हतं.

आप्पाच म्हणाले, हात झटकत. "समोरून बोललीस की निम्मं कळतं. इंजिन चालू असलं की काहीच नाही. एका गिऱ्हाइकाला ठीक आहे म्हणून पाठवली गाडी, तिचा पट्टा आत ओरडत होता. चेल्याने धावत जाऊन थांबवली. त्याच दिवशी शटर ओढलं. पुढच्या वेळी कोणी थांबवलं नसतं तर?"

"मग मला टायर का म्हणालात?"

"दहातल्या सहा वेळा टायरच असतो." मग म्हणाले, "गाडीत बसलो असतो तर तू विचारलं असतंस, येतोय ना आवाज? काय सांगणार होतो? लाज वाटली, पोरी."

मी त्यांचा हात धरला. वेड्यासारखी म्हटलं, "मग हे आधी नाही का सांगायचं?" आणि दोघंही हसायला लागलो, मातीत बसून. खिडकीतल्या माणसांना वाटलं असेल, यांना वेड लागलं.

मग आम्ही सगळं पहिल्यापासून केलं. विटा आधी, टेकू, मग जॅक. आप्पांनी माझा हात स्प्रिंगवर ठेवला आणि डावं चाक फिरवलं. काही नाही. मग उजवीकडे आलो. चाक फिरलं आणि माझ्या बोटांखाली वाळू सरकल्यासारखं झालं. खरखर, बारीक, पण अगदी स्पष्ट. मग चाक वरून आणि खालून धरून हलवायला लावलं. डावं ढिम्म. उजवं टक्टक् करत डुगडुगलं.

"पण आप्पा, डावीकडे वळल्यावर वाढतो आवाज!"

"डावीकडे वळलीस की वजन कुठल्या चाकावर पडतं? उजव्या. ओझं पडलं की तो कण्हणार. आणि तू बसतेस कुठे?"

मी कपाळावर हात मारला. शिकवणारीच्या सीटवर! खिडकी माझी उघडी, शिकणारीची धुळीमुळे बंद. आणि कारखान्याची लांबच लांब भिंत माझ्या बाजूला. उजव्या चाकाचा आवाज भिंतीवर आपटून माझ्या कानात शिरत होता. इतक्या दिवसांत मी एकदाही स्टिअरिंगच्या बाजूला बसून कारखान्याच्या रस्त्याला गेले नाही, परवा सोडून, आणि परवा रडण्यात गेला. शिकवायचा उत्साह केवढा!

एकदा ठोकून काढलेला जुना हब आप्पा परत बसवू देईनात, आणि नवीन इथल्या दुकानात नाही. मागवला तर शुक्रवारी येईल म्हणे. शुक्रवारी घेऊन काय करू, लोणचं घालू?

संध्याकाळी ह्यांना धारेवर धरलं. "तुम्हाला माहीत होतं ना आप्पांचं?" खाली मान घालून म्हणाले, "होतं." "आणि मला सांगितलं नाहीत?" "त्यांनी शपथ घातली होती. म्हटलं बघू, स्वतःच सांगतील." हबचं सांगितल्यावरही म्हणाले, "बघू." मी उशी फेकून मारली.

१७ तारीख, सोमवार

ह्यांनी आज पहिल्या बसने जाऊन, मोठ्या शहरातली चार दुकानं पालथी घालून हब आणला! खोकं मांडीवर घेऊन आले, बाळ आणल्यासारखे. सोबत चाकाच्या मधला मोठा नटसुद्धा नवीन, कारण तो जुना परत वापरायचा नसतो हे आप्पांनी चिठ्ठीत लिहून दिलं होतं.

दारातूनच म्हणाले, "म्हटलं होतं ना, बघू? बघितलं."

इतक्या वर्षांच्या संसारात या शब्दाचा मला पहिल्यांदा राग आला नाही. गरम पोळ्या वाढल्या. आप्पांशी समोर बसून, सावकाश बोलत जेवले. फार काही अवघड नसतं ते.

१८ तारीख, मंगळवार

बसवला! आम्ही दोघांनी! अंगणात!

कुठून सुरू करू? मधला मोठा नट गाडी जमिनीवर असतानाच ढिला करावा लागतो, नाहीतर चाक गरगरतं. तो हलेना. आप्पांनी पान्याला लांब नळी लावली. हलेना. ह्यांनी जोर लावला. हलेना. शेवटी मी नळीवर उभी राहिले आणि एक उडी मारली. कडाऽक! आप्पांना तो कडाका हातात जाणवला म्हणे. माझ्या वजनाचा आयुष्यात पहिल्यांदा कोणाला उपयोग झाला.

मग चाक काढलं. ब्रेकचा जबडा सोडवून तारेने वर टांगला, कारण त्याच्या नळीवर भार पडला तर ब्रेकच जातील. तबकडी काढली. हबचे मागचे बोल्ट सोडवले. आणि हब बाहेर येईना! गंजून बसला होता. तेल सोडलं, वाट बघितली, परत तेल. मी हातोडा उगारला तर आप्पांनी मनगट धरलं. "रागाने नाही. भोवती भोवती, थोडं थोडं." मी ठोकत होते आणि ते तळहात लोखंडावर ठेवून बसले होते, तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा. एकदम म्हणाले, "थांब. सुटला." मला तर काहीच वेगळं वाटलं नव्हतं. त्यांनी दोन हातांनी ओढला आणि आला की हो बाहेर! हातात फिरवून बघितला तर दळण पडल्यासारखी खरखर.

जागा घासून आरशासारखी केली. नवा हब बसवला, बोल्ट आळीपाळीने आवळले, सगळं उलट क्रमाने परत. शेवटचा नट मापाच्या पान्याने. तो ठरलेल्या जोराला टक् करतो. आप्पा म्हणाले, "टक् तू सांग." मी सांगितलं. माझे कान आणि त्यांचे हात, मिळून एक मेकॅनिक झाला.

आणि गाडी चालू केल्यावर समोर पिवळा दिवा पेटला. माझं धाबं दणाणलं. आप्पांनी शांतपणे चाकामागे हात घातला. ब्रेकच्या वायरची खुंटी मी लावायची विसरले होते. लावली, दिवा गेला, जीव भांड्यात पडला.

मग कारखान्याच्या रस्त्याला. आप्पा शेजारी, तळहात पायाखालच्या पत्र्यावर. मी स्टिअरिंगवर. वेग वाढवला. आणखी वाढवला.

शांत. नुसता वारा.

मी आप्पांकडे वळून, तोंड नीट दिसेल असं म्हटलं, "गेला!"

"आधीच कळलं," आप्पा म्हणाले. "रस्त्याकडे बघ."

२० तारीख, गुरुवार

मिळाली! मिळाली! मिळाली!

अधिकाऱ्याला सर्दी झाली होती आणि चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. माझ्या बाजूचे ब्रेक-क्लच दाबून बघितले. गाडी हमरस्त्याला नेली, पूर्ण वेगात, डावीकडे उजवीकडे हेलकावे देत. मी शेजारी श्वास धरून. परत आल्यावर चाकं उचलायला लावली आणि वरून खालून हलवून बघितली. चारही ढिम्म!

मग आत वाकून म्हणाला, "पुढचे दोन्ही हब नवे दिसतात. कुठल्या गॅरेजला?"

"डावा गॅरेजला. उजवा घरी."

"घरी कोणी बसवला?"

"मी आणि माझ्या सासऱ्यांनी."

त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. "डावा का बदलला? झिजला होता?"

आता काय सांगू! म्हटलं, "नाही साहेब. तो शिकण्यात गेला."

एरंडेलाचा चेहरा फुटला आणि तो खो-खो हसला. सही केली. फाटकाबाहेर आप्पा आणि हे उभे होते. मी लांबूनच कागद हलवला. ओरडायचं काम नव्हतं. आप्पांनी दोन्ही हात वर केले.

डॉक्टरीणबाईंना फोन केला आणि आधी माफी मागितली, की थरथर तुमच्या पायांची नव्हती. त्या म्हणाल्या, "अहो, माझ्याकडे रोज होतं. दुखतो एक दात आणि पेशंट बोट दाखवतो भलत्याच दाढेवर. म्हणून मी बोटावर विश्वास न ठेवता प्रत्येक दात ठोकून बघते." मग म्हणाल्या, उद्यापासून फी घ्या.

आणि एक ठरलं. माझ्याकडची प्रत्येक विद्यार्थिनी पहिला धडा आप्पांकडे घेणार. स्टिअरिंग नाही, क्लच नाही. चाक उचलायचं, टेकू लावायचा, स्प्रिंगवर हात ठेवायचा. आप्पांना विचारलं तेव्हा म्हणाले, "मला त्यांचं बोलणं कळायचं नाही." मी म्हटलं, "तुम्ही त्यांच्या तोंडासमोर बसा आणि त्या सावकाश बोलतील. नाहीतर मी त्यांना शिकवणार नाही." आप्पांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. मीही मग कांदा चिरायला घेतला.

२३ तारीख, रविवार

दारांवर नाव रंगवून झालं. आपल्या डोळ्यांनी पुन्हा पुन्हा बघून आले. 'बायकांसाठी मोटार शिकवणी'. त्या शहाण्याने एकही अक्षर चुकवलं नाही.

दुपारी आप्पांना म्हटलं, चला, चक्कर मारू. ते सवयीने डावीकडे जायला लागले. मी डावं दार धरून उभी राहिले आणि बोटाने पलीकडे दाखवलं. उजवीकडे. स्टिअरिंगकडे.

"नको गं. हॉर्न ऐकू येत नाही. दोन वर्षं हात लावला नाही."

"रस्ता मोकळा आहे. हॉर्न मी सांगते."

कसं सांगणार ते त्यांच्या गुडघ्यावर थापटून दाखवलं. एकदा म्हणजे मागून कोणी येतंय. दोनदा म्हणजे थांबा. मग आप्पा वळून पलीकडे गेले, बसले, आरसा स्वतःला लावून घेतला आणि चावी फिरवली. इंजिन चालू झालं ते त्यांनी स्टिअरिंगवर हात ठेवून ओळखलं.

कारखान्याचा रस्ता लागला. रविवार, चिटपाखरू नाही. आप्पांनी गियर असे टाकले की मला कळलेच नाहीत. पाठ ताठ झाली, खांदे उघडले. मागून एक स्कूटर आली, मी गुडघ्यावर एकदा थापटलं, त्यांनी हलकेच बाजू दिली. स्कूटरवाला हात हलवून गेला. आप्पांनीही हात हलवला आणि मोठ्याने, गाडीभर हसले. आपण किती मोठ्याने हसतोय हे त्यांना कळत नव्हतं. मी सांगितलं नाही.

माझा पाय पूर्ण वेळ माझ्या ब्रेकवर होता. दाबायची वेळ एकदाही आली नाही.